विश्लेषण : किल्ल्यावरच्या मावळ्याचा भाला दरवर्षी का मोडतो? चित्रे आणि फिगर यांची दुरुस्ती कशी करावी?

दिवाळीच्या आठवडाभर आधी माळ्यावरचे खोके खाली उतरते. वर्षभर वर्तमानपत्रात गुंडाळलेले मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज आणि डोक्यावर घागर घेतलेली गवळण एकेक करून बाहेर निघतात. दरवर्षी तीच तक्रार असते. कुणाचा भाला मोडलेला, कुणाचा पाय घोट्यातून निखळलेला, कुणाच्या तोंडावरचा रंग उडालेला. अलीकडे याच खोक्यात मुलांच्या सुपरहिरोंच्या अ‍ॅक्शन फिगरही असतात. त्यांचे हात सैल पडलेले असतात किंवा अंग चिकट झालेले असते. मग घरातली गोंदाची ट्यूब शोधली जाते आणि सगळ्यांना एकच औषध लावले जाते. काही जोड टिकतात, बहुतेक चार दिवसांत सुटतात. यात दोष बहुतेक वेळा गोंदाचा नसतो. वस्तू कशाची आहे हे न पाहता केलेल्या दुरुस्तीचा असतो.

‘चित्रे’ आणि ‘फिगर’ एकाच खोक्यात कशी आली?

सातारा, सांगलीसह पश्चिम महाराष्ट्रात किल्ल्यावर मांडायच्या छोट्या मूर्तींना ‘चित्रे’ म्हणण्याची पद्धत आहे. अंगणात दगडमातीचा किल्ला रचायचा, त्यावर हळीव पेरून हिरवळ आणायची आणि वसुबारसेपर्यंत चित्रे मांडून मोकळे व्हायचे, हा इथल्या मुलांचा ठरलेला कार्यक्रम. सातारकरांच्या डोळ्यासमोर अजिंक्यतारा आणि सज्जनगड असतो, तर वाळव्याकडच्या मुलांना मच्छिंद्रगड जवळचा. जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत सातारा जिल्ह्यातला प्रतापगडही आहे.

‘अ‍ॅक्शन फिगर’ हा शब्द त्या मानाने नवा आहे. १९६४ साली अमेरिकेत हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ हा सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुली विकत घेणार नाहीत या भीतीने त्याला बाहुलीऐवजी अ‍ॅक्शन फिगर म्हटले गेले. १९८२मध्ये त्याची बोटभर उंचीची, सांधे हलणारी आवृत्ती आली. आपल्याकडे १९८७ साली सुरू झालेल्या फनस्कूल कंपनीने हे सैनिक भारतीय मुलांच्या हाती दिले. १९९०च्या दशकात शाळेत असलेल्या अनेकांकडे ते अजून जपून ठेवलेले आहेत आणि संग्राहक त्यांच्या शोधात असतात.

कुंभाराकडचा मावळा आणि कारखान्यातला सैनिक यांचे काम एकच, पण साहित्य अगदी वेगळे. त्यामुळे त्यांचे आजारही वेगळे.

भाला आणि घोटाच आधी का मोडतो?

बाजारातली बरीच चित्रे प्लास्टर ऑफ पॅरिसची असतात. जिप्सम हे खनिज सुमारे १५० अंश सेल्सिअसला तापवले की त्यातले बरेचसे पाणी निघून जाते आणि प्लास्टरची पूड मिळते. तिच्यात पुन्हा पाणी घातले की ती काही मिनिटांत घट्ट होऊन परत जिप्सम बनते. साच्यात ओतायला सोपे, वेळ कमी आणि नाकडोळे रेखीव उमटतात, म्हणून कारागीर त्याला पसंती देतात.

प्लास्टर दाब सहन करते, पण ओढ आणि वाक सहन करत नाही. जाड बैठकीचे सिंहासन वर्षानुवर्षे टिकते. पेन्सिलीच्या शिशासारखा बारीक भाला मात्र कडेला नुसता धक्का लागला तरी तुटतो. जाणते कारागीर म्हणूनच भाला प्लास्टरचा करत नाहीत. मुठीत भोक ठेवतात आणि त्यात खराट्याचा हीर, बांबूची काडी किंवा तार बसवतात. खरेदी करताना एवढे एकच पाहिले तरी पुढची निम्मी दुरुस्ती वाचते.

घोटा मोडण्याचे कारण किल्ल्यातच दडलेले आहे. हळीव उगवावे म्हणून मुले किल्ल्यावर रोज पाणी शिंपडतात. ओल्या मातीत रोवलेला मावळा पायातून पाणी वर ओढतो, दिव्याची वात तेल ओढते तसा. पूर्ण भिजलेल्या प्लास्टरची ताकद कोरड्याच्या जवळपास निम्मी होते. वरून ऑइल पेंट असेल तर ओल बाहेर पडायला वाट मिळत नाही. रंगाला फुगे येतात, पापुद्रे सुटतात. चार-पाच दिवसांनी किल्ला मोडताना मावळा उपटला की पाय मातीतच राहतो.

उपाय सोपा आहे. चित्र मांडण्याआधी त्याच्या तळाला आणि पायांना वॉर्निशचे दोन हात द्यावेत किंवा मेणबत्तीचे मेण वितळवून लावावे. मातीत थेट रोवण्याऐवजी फरशीच्या तुकड्यावर किंवा बाटलीच्या झाकणावर उभे करावे. काढताना डोके धरून ओढू नये, बुडाखालची माती आधी मोकळी करावी.

मूर्ती कशाची आहे, हे ओळखायचे कसे?

दुरुस्तीआधी साहित्य ओळखणे ही पहिली पायरी. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. तुटलेली कड पाहिली की बरेच कळते.

शाडू किंवा कच्ची माती : तुटलेली कड राखाडी किंवा मातकट दिसते. ओले बोट फिरवले की चिखल होतो. ही माती भट्टीत भाजलेली नसते, नुसती वाळवलेली असते. पाण्यात ठेवली तर विरघळते.

भाजलेली माती : कड विटकरी लाल. ओले बोट फिरवले तर पाणी शोषले जाते, पण चिखल होत नाही. एकदा भाजलेली माती पुन्हा मऊ होत नाही.

प्लास्टर : कड पांढरीशुभ्र. नखाने खरवडले की पीठ निघते.

रेझिन : हाताला जड आणि थंड लागते. कड दगडासारखी, नखाने खरवडत नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायच्या आणि भेट म्हणून द्यायच्या अनेक मूर्ती याच जातीच्या असतात. रेझिनमध्ये दगडाची भुकटी मिसळून त्या ओततात. तलवार, छत्र, घोड्याचा पाय हे त्यांचे नाजूक भाग.

थ्रीडी प्रिंटरवर केलेली मूर्ती : अंगावर बारीक आडव्या रेषा दिसतात. यासाठी पीएलए नावाचे प्लास्टिक सर्रास वापरतात आणि ते साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. उन्हाळ्यात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत डॅशबोर्डवर एवढी उष्णता सहज होते. त्यामुळे अशी मूर्ती गाडीत ठेवणे टाळावे.

तुटलेला मावळा जोडायचा कसा?

तीन नियम सगळ्यांना लागू पडतात. तुटलेला भाग कोरडा हवा, कडा स्वच्छ हव्यात आणि गोंद कमी हवा. जास्त गोंद लावला म्हणजे जोड घट्ट होतो, हा गैरसमज आहे. जाड थर नीट वाळत नाही आणि दोन तुकडे एकमेकांत नीट बसतही नाहीत.

प्लास्टरचा तुकडा आधी दोन-तीन दिवस सावलीत वाळवावा. पंख्याचा वारा चालेल, पण चुलीजवळ किंवा गॅसवर धरू नये. प्लास्टर गोंद शोषून घेते, म्हणून दोन्ही कडांना पाणी घातलेल्या पांढऱ्या फेव्हिकॉलचा एक हात देऊन तो सुकू द्यावा. नंतर दाट फेव्हिकॉल लावून तुकडे जुळवावेत आणि दोऱ्याने किंवा रबरबँडने रात्रभर बांधून ठेवावेत.

पाय, हात, भाला अशा भार येणाऱ्या जागी नुसता गोंद पुरत नाही. तिथे आत हाड घालावे लागते. दोन्ही तुकड्यांना बारीक भोक पाडायचे, त्यात तांब्याच्या तारेचा किंवा टाचणीचा तुकडा बसवायचा आणि मग जोडायचे. भोक पाडायला हाताने फिरवायचा छोटा ड्रिल उत्तम. प्लास्टरमध्ये तर जाड सुईनेही काम होते. फट राहिली तर प्लास्टरची पूड आणि फेव्हिकॉल कालवून भरावी, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासावी आणि मग रंगवावे.

शाडूच्या मूर्तीला शाडूच लावावा. त्याच मातीची पातळ खीर करून तीत थोडा फेव्हिकॉल घालावा आणि ती कडांना लावून तुकडे जोडावेत. मूर्तीला मात्र जास्त पाणी लागू देऊ नये. भाजलेली माती आणि रेझिन यांना दोन भाग एकत्र करून लावायचा इपॉक्सी गोंद चांगला. हरवलेला अंगठा किंवा तलवारीची मूठ घडवायची असेल तर नळदुरुस्तीसाठी घरात असणारे एम-सील कामाला येते. कालवल्यावर ते मऊ असेपर्यंत हाताला पाणी लावून आकार द्यावा आणि पूर्ण घट्ट झाल्यावर कोरावे.

फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद सगळीकडे वापरण्याचा मोह होतो. तो रेझिनला आणि कडक प्लास्टिकला चालतो, पण प्लास्टरमध्ये शोषला जातो आणि धक्का लागला की जोड सुटतो. त्याच्या वाफेने आजूबाजूच्या गडद रंगावर पांढरट थरही चढतो. तो लावताना खिडकी उघडी ठेवावी. मुलांच्या हाती ही ट्यूब देऊ नये.

काही प्लास्टिकला गोंदच का चिकटत नाही?

पाकिटात डझनाने मिळणारे हिरवे-तपकिरी सैनिक अनेकांनी जोडून पाहिले असतील. गोंद वाळतो आणि पापुद्र्यासारखा निघून येतो. असे स्वस्त सैनिक बहुधा पॉलिथिनचे असतात. म्हणजे पिशव्या, बादल्या, डबे यांच्याच कुळातले. या प्लास्टिकचा पृष्ठभाग मेणचट असतो. त्यावर पाणीही पसरत नाही, तर गोंद आणि रंग कसे धरणार? रंग उडतो तो याच कारणाने.

ओळखण्याची सोपी युक्ती आहे. तुटलेला, आतून भरीव तुकडा वाटीभर पाण्यात टाकावा. तरंगला तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रोपिलिन समजावे. बुडाला तर बहुतेक पीव्हीसी, एबीएस किंवा पॉलिस्टायरिन असते. पोकळ तुकड्यात हवा अडकते, म्हणून त्याची अशी परीक्षा करता येत नाही.

तरंगणाऱ्या प्लास्टिकवर गोंद फुकट घालवू नये. तार गरम करून दोन्ही तुकड्यांत खुपसावी. थंड झाल्यावर प्लास्टिक तिला आवळून धरते. हे काम मोठ्यांनी, पकडीने आणि मोकळ्या हवेत करावे. बुडणाऱ्या प्लास्टिकला झटपट गोंद चालतो, पण तिथेही सांध्याजवळ तार हवीच.

फिगर चिकट का होते? तलवार वाकते का?

महागड्या फिगरचे केस, कपडे, शस्त्रे बहुधा पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मुळात कडक. ते लवचीक व्हावे म्हणून त्यात तेलासारखे पदार्थ मिसळतात. वर्षे गेली, उष्णता वाढली की हे पदार्थ हळूहळू पृष्ठभागावर येतात. फिगर हाताला चिकट लागते, तिच्यावर धूळ बसते. बंद खोक्यात ठेवलेल्या फिगरला हा त्रास जास्त होतो, कारण वाफ बाहेर जायला वाट नसते.

अशी फिगर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून मऊ ब्रशने धुवावी आणि सावलीत वाळवावी. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल यांचा बोळा फिरवू नये. चिकटपणासोबत रंगही जातो आणि खालचे प्लास्टिकही खरवडल्यासारखे होते. आणखी एक काळजी घ्यावी. पीव्हीसीची फिगर थर्मोकोलला टेकवून महिनोन्महिने ठेवू नये. तिच्यातून निघणारा तेलकट पदार्थ थर्मोकोल विरघळवतो आणि तो फिगरला चिकटून बसतो.

वाकलेली तलवार सरळ करणे सोपे. उकळलेले पाणी वाडग्यात ओतून दोन-तीन मिनिटे थांबावे. मग फक्त वाकलेला भाग अर्धा ते एक मिनिट बुडवावा, बाहेर काढून सरळ धरावा आणि तसाच थंड पाण्यात बुडवावा. प्लास्टिकला जुन्या आकाराची आठवण असते. ते पुन्हा थोडे वाकले तर हीच कृती पुन्हा करावी. चिकटवलेले किंवा स्टिकर लावलेले भाग गरम पाण्यात घालू नयेत.

हात सैल पडला किंवा जाम झाला तर?

नवी फिगर खोक्यातून काढली आणि गुडघा वळवताच कडकन मोडली, हा संग्राहकांचा नेहमीचा अनुभव. अनेकदा सांध्यात रंग गेलेला असतो आणि तो वाळून चिकटलेला असतो. जाम सांधा जोर लावून फिरवू नये. तो भाग कोमट पाण्यात मिनिटभर धरावा आणि हळूहळू पुढे-मागे करावा. रंगाची चिकट सुटली की सांधा मोकळा होतो.

सैल सांध्याचे दुखणे उलटे. घासून घासून गोळा लहान झालेला असतो किंवा खोबण मोठी. हात निघत असेल तर काढावा. सांध्याच्या गोळ्यावर पांढऱ्या फेव्हिकॉलचा पातळ थर द्यावा आणि पूर्ण वाळल्यावरच परत बसवावा. नको वाटला तर हा थर ओला करून खरवडताही येतो. झटपट गोंद इथे वापरला तर सांधा कायमचा जाम होण्याची भीती असते.

१९८२च्या घडणीचे जी. आय. जो सैनिक कमरेतून लोंबकळत असतील तर आतली रबरी रिंग गेली असे समजावे. या सैनिकाचे धड आणि पाय आकड्यात अडकवलेल्या एकाच ओ-रिंगवर तोललेले असतात. रबर वीस-तीस वर्षांत कडक होऊन तुटते. पाठीचा एक स्क्रू काढला की धड उघडते. रिंगचे तुकडे नमुना म्हणून घेऊन पंप-मोटार दुरुस्तीच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात जावे. त्याच मापाची रिंग मिळाली तर सैनिक पुन्हा ताठ उभा राहतो. तुटलेली रिंग आत तशीच ठेवून पाय चिकटवणे ही त्याची सर्वांत वाईट दुरुस्ती.

रंगवताना धोका कोणता?

रंगाचा प्रश्न दिसण्यापुरता नाही. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता असते. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक आहे आणि त्याचे सुरक्षित असे प्रमाण नाही. घरगुती रंगांतले शिसे ९० पीपीएमच्या वर असू नये, असा नियम केंद्र सरकारने २०१६ साली केला आणि तो २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचे पापुद्रे सुटत असलेले चित्र घरात असेल तर ते कोरडे घासू नये, कारण धूळ नाकातोंडात जाते. सुटलेला रंग ओल्या फडक्याने टिपून घ्यावा, वर वॉर्निशचा हात द्यावा आणि ते चित्र तोंडात वस्तू घालणाऱ्या वयाच्या मुलांपासून दूर ठेवावे.

नवीन रंगकामासाठी पाण्यात कालवायचे अ‍ॅक्रिलिक रंग पुरेसे आहेत. आधी पांढऱ्याचा पातळ हात, तो वाळल्यावर मुख्य रंग, शेवटी डोळे-मिशा आणि सर्वांत वर वॉर्निश, असा क्रम ठेवावा. डोळे रंगवायला अगदी बारीक ब्रश किंवा टाचणीचे टोक वापरावे. स्प्रेचा रंग थर्मोकोलच्या तटबंदीवर मारू नये. त्यातल्या द्रावकाने थर्मोकोल खचतो.

साताऱ्याची ओल, सांगलीचा पूर, जतचे ऊन

कुठे राहता, त्यावर संग्रहाची काळजी ठरते. जावळी, पाटण, महाबळेश्वर या भागात पावसाळ्याचे चार महिने भिंतीही ओल्या असतात. तिथे प्लास्टर आणि शाडूची चित्रे हवेतला दमटपणा शोषतात आणि बुरशीचे ठिपके दिसू लागतात. अशा घरांत चित्रे कोरड्या दिवशी गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. भिंतीला टेकलेले कपाट टाळावे.

जत, आटपाडी, माण, खटावकडे ओलीचा त्रास कमी, पण ऊन कडक. पत्र्याखालचा माळा एप्रिल-मे महिन्यांत भट्टीसारखा तापतो. प्लास्टरला त्याचे काही वाटत नाही. प्लास्टिकची फिगर मात्र तिथे चिकट होते आणि स्वतःच्याच वजनाने एका बाजूला झुकते. तिची जागा खोलीतल्या कपाटात, थेट ऊन येणार नाही अशी. पांढरे प्लास्टिक उन्हाने पिवळे पडते आणि ते मूळ रंगावर आणणे फार अवघड असते.

सांगलीच्या नदीकाठच्या घरांपुढे वेगळाच पेच आहे. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. पुराच्या भीतीने वस्तू उंच ठेवाव्यात तर तिथे उष्णता, खाली ठेवाव्यात तर पाणी. यातून मधला मार्ग निघतो. वर्षभर फिगर खोलीतच ठेवाव्यात, पण एकाच झाकणाच्या, कडी असलेल्या प्लास्टिकच्या पेटीत. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी वाढू लागले की ती पेटी उचलून वर नेता येते.

पुरात भिजलेल्या वस्तू मिळाल्या तर घाई करू नये. कच्च्या मातीची चित्रे वाचत नाहीत. प्लास्टरची चित्रे पाण्यात लगेच विरघळत नाहीत, कारण लिटरभर पाण्यात जेमतेम दोन ग्रॅम जिप्सम विरघळते. पण ओली असताना ती फार नाजूक असतात. चिखल चोळून काढू नये. स्वच्छ पाण्याने अलगद धुवावा, चित्र जाळीवर आडवे ठेवून सावलीत आठवडाभर वाळू द्यावे आणि मगच हात लावावा. प्लास्टिकच्या फिगर साबणाच्या पाण्याने धुवाव्यात. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते, म्हणून हातमोजे घालूनच हे काम करावे. भिजलेली पुठ्ठ्याची खोकी जपण्याचा आग्रह सोडावा, नाही तर बुरशी बाकीच्या वस्तूंवर जाते.

नवी फिगर सदोष निघाली तर दाद कुठे मागायची?

खेळण्यांसाठीचा गुणवत्ता नियंत्रण आदेश १ जानेवारी २०२१पासून लागू आहे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळासाठी असलेल्या खेळण्यांवर त्यानुसार आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. टोकदार कडा, गिळता येतील असे सुटे भाग, रंगातले घातक धातू, प्लास्टिक मऊ करणारी रसायने या साऱ्यांची त्यात तपासणी होते. चिन्हाजवळचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकला की तो खरा की खोटा हे कळते. हस्तकला विकास आयुक्तालयाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना या आदेशातून सूट आहे. त्यामुळे चित्रावर हे चिन्ह नाही, एवढ्यावरून ते बेकायदा ठरत नाही. मोठ्या संग्राहकांसाठीच्या फिगरवर १४ किंवा १५ वर्षांवरील वयाची सूचना असते. त्या लहान मुलांसाठी नसतात आणि त्यावर हे चिन्ह सापडेलच असे नाही.

मूळ फिगर आणि नक्कल ओळखताना वेष्टनाकडे पाहावे. उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, ग्राहक सेवेचा क्रमांक, आयात केलेल्या वस्तूवर मूळ देश हा मजकूर कायद्याने आवश्यक आहे. तो नसेल आणि किंमत संशयास्पद कमी असेल तर विचार करावा.

ऑनलाइन मागवलेले पार्सल उघडताना सलग व्हिडीओ काढावा. पत्त्याची चिठ्ठी, खोक्याच्या सहाही बाजू, सील आणि मग आतली वस्तू असा क्रम ठेवावा. दोन्ही हात डावेच निघणे, सांधा आधीच मोडलेला असणे, रंग भलतीकडे फासलेला असणे हे कारखान्यातले दोष आहेत. ते दिसले तर स्वतः दुरुस्ती सुरू करू नये. गोंद लावला की बदलून मिळण्याचा दावा कमकुवत होतो.

ई-कॉमर्स नियमांनुसार विक्री मंचाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिनाभरात ती निकाली काढणे अपेक्षित आहे. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. त्यापुढची पायरी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याची मुभा दिली आहे. म्हणजे विक्रेता दिल्लीचा असला तरी कराडचा ग्राहक साताऱ्यात आणि मिरजेचा ग्राहक सांगलीत दाद मागू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आत करावी लागते.

काय दुरुस्त करू नये?

प्रत्येक तुटलेली वस्तू नवी दिसलीच पाहिजे असे नाही. जुन्या, दुर्मीळ फिगरला पुन्हा रंग दिला तर संग्राहकांच्या लेखी तिची किंमत घटते. तिला फक्त स्वच्छ करावे आणि जो उपाय नंतर मागे घेता येईल तोच करावा. दुरुस्तीनंतर विकायची असेल तर कुठे काय केले, हे घेणाऱ्याला सांगावे. जे चित्र पीठ होऊन झडू लागले आहे, त्याला फेव्हिकॉलचे थर देत राहण्यात अर्थ नाही. त्याचे अवशेष नदीत किंवा विहिरीत न टाकता कोरड्या कचऱ्यात द्यावेत.

किल्ल्यावरच्या चित्रांचा हिशेब मात्र थोडा वेगळा. ती विकायची नसतात, पुढच्या वर्षी पुन्हा मांडायची असतात. वडिलांच्या लहानपणीचा पहारेकरी मुलीच्या किल्ल्यावर उभा राहतो, तेव्हा त्याच्या घोट्यातला जोड कुणी पाहत नाही. म्हणून किल्ला मोडण्याच्या दिवशीच अर्धा तास काढावा. चित्रे पुसावीत, वाळवावीत, तुटलेला प्रत्येक तुकडा त्याच चित्रासोबत कागदात बांधावा आणि वर नाव लिहावे. हरवलेला भाला पुन्हा करता येतो. पण घोट्याचा तुकडाच मातीत गेला, तर पुढच्या दिवाळीला मावळा उभा करायचा कशावर?